मायग्रेशन मागू नका : राज्यातल्या सर्व कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय,

मायना एकवचनी असला तरी पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोली आणि एसएनडीटी. हा क्रम स्थापनेचा नाही, रँकचा तर अजिबात नाही. तोंडात आला तसा लिहिला. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पत्र बाजूला राहायचं आणि क्रमावरूनच खुलासा मागवला जायचा.

मी एका तालुक्याच्या गावी कला-वाणिज्य महाविद्यालयात मराठी शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे तासाला पैसे, उन्हाळ्यात बेकारी आणि पावसाळ्यात पुन्हा त्याच खुर्चीसाठी मुलाखत. अशा माणसाकडे कॉलेजात जी कामं न मागता येतात, ती सगळी माझ्याकडे आहेत: भित्तिपत्रक, सांस्कृतिक विभाग, आणि प्रवेशाच्या दिवसांत ऑफिसच्या खिडकीत क्लार्कशेजारी बसून अर्ज तपासणं. विषय मायग्रेशनचा, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या मुलाकडून मागितल्या जाणाऱ्या, मूळ विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याचा. पुढे जे लिहिते आहे ते त्या खिडकीतून आणि युवा महोत्सवाच्या विंगेतून दिसलेलं आहे. व्यासपीठावरून ते दिसत नसावं, असं मी चांगुलपणानं धरून चालते.

सप्टेंबर २०२५ मध्ये एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीची, यादी आली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सर्वसाधारण गटात ३७व्या क्रमांकावरून ९१व्या क्रमांकावर गेलं. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये पुण्याहून एमए केलेले दोघे फोनमध्ये डोकं खुपसून बसले होते. मुंबईची पदवी असलेल्या सरांनी सगळ्यांना चहा मागवला, तोही स्वतःच्या खिशातून. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांच्याकडून हे पहिल्यांदा घडलं. नागपूरकडचे सर म्हणाले, "आमच्याकडं तर कोणी पाहूनच नाही राहिलं बाप्पा, बरं हाय ते." तास सुरू झाला म्हणून मी उठले, नाहीतर चर्चा चांगलीच रंगली असती.

वर्गात मी मुद्दाम विषय काढला. रँकिंग आलंय, कुणी बघितलं का? तिघांनी बघितलं होतं, तेही त्यावरचं मीम फिरत आलं म्हणून. एकाने विचारलं, "मॅडम, म्हणजे परीक्षा पुढे जाणार का?" सगळे हसले. मग मागच्या बाकावरच्या एकाने जे विचारलं त्यावर मात्र मला हसू आलं नाही. "त्यात आपलं कॉलेज धरलंय का?"

नाही धरलेलं. संलग्न महाविद्यालयं त्या हिशेबात नसतात. विद्यापीठाच्या आवारातले विभाग, तिथले प्राध्यापक, तिथलं संशोधन एवढंच मोजलं जातं. तुमच्या नावाची पदवी घेऊन जी लाखो मुलं आयुष्यभर फिरणार आहेत, त्यातली बहुतेक या शर्यतीत धावत नाहीत आणि त्यांना प्रेक्षक म्हणूनही कुणी मोजत नाही. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग आपण कशाला टेन्शन घ्यायचं?" आणि वही उघडली.

रँकची मी टिंगल करत नाही. पुण्याची घसरण झाल्यावर प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांची निदान उघड चर्चा तरी झाली. त्या रिकाम्या जागांच्या सावलीत माझ्यासारखे किती जण वर्षानुवर्षं तासावर बसले आहेत, हे सांगायला एक वेगळं पत्र लागेल. आज तो विषय नाही. पण मोजमाप कशाचं होतं ते मी नीट वाचलं. अध्यापन आणि साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीनंतर मुलांचं काय झालं याला २०, सर्वसमावेशकतेला १०, आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. सर्वसमावेशकतेत परराज्यातून आणि परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांचे गुण मिळतात. शेजारच्या जिल्ह्यातून, म्हणजे शेजारच्या विद्यापीठातून, आलेल्या मुलीचे मिळत नाहीत. तिची आठवण यादीला नाही. तुम्हालाही का नसावी, हा माझा प्रश्न आहे.

तुमची स्पर्धा बघितली की मला आमच्या गावाकडची भाऊबंदकी आठवते. परक्या माणसाशी कुणी इतकं भांडत नाही. आणि तुम्ही तर बहुतेक दोन-तीन वाड्यांतलेच. मुंबई १८५७ची. पुणे १० फेब्रुवारी १९४९ला वेगळं निघालं. तोवर फर्ग्युसन काय, स. प. काय, डेक्कन कॉलेज काय, पदव्या सगळ्या मुंबईच्या. रानडे आणि भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२च्या पहिल्या बीएच्या तुकडीतले. लोकमान्य डेक्कन कॉलेजात शिकले, पण त्यांच्या पदवीवर नाव मुंबईचं. (पुणेकर मित्रांना हे एकदा सांगून बघा. लगेच हवापाण्यावर बोलायला लागतात.) पुण्याच्या वाट्यातून १९६२ साली कोल्हापूर निघालं, १९९० साली जळगाव. कोल्हापूरच्या वाट्यातून २००४ साली सोलापूर, एका जिल्ह्याचं. नागपूर १९२३चं, त्यातून १९८३ला अमरावती आणि २०११ला गडचिरोली. मराठवाड्याची नाळ हैदराबादच्या उस्मानियाशी होती, ती १९५८ साली सुटली, आणि तिथून १९९४ला नांदेड वेगळं झालं. गोव्यातली कॉलेजंसुद्धा १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईच्याच पंगतीला होती. एसएनडीटीची चूल तेवढी १९१६पासून वेगळी. कर्व्यांनी ती कुणाच्या परवानगीची वाट न बघता मांडली.

वाटण्या झाल्या त्या योग्यच झाल्या. गडचिरोलीच्या पोरानं एका मार्कशीटसाठी नागपूरला चकरा का माराव्यात? तक्रार वाटणीची नाही, बांधाची आहे. वाटणीनंतर बांध घातला, ठीक. पण हा बांध दरवर्षी वीतभर उंच होत गेला आणि आता मुलांना तो ओलांडायला शिडी लागते. त्या शिडीला आमच्या खिडकीत मायग्रेशन म्हणतात.

प्रक्रिया तुम्हाला माहीत असेल, पण ती खालून कशी दिसते ते ऐका. मूळ कॉलेजातून टीसी. टीसी दाखवून मूळ विद्यापीठातून मायग्रेशन. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. मग नव्या विद्यापीठाचा पात्रता अर्ज, त्याची फी, उशीर झाला तर विलंब शुल्क. तात्पुरती पात्रता, मग अंतिम पात्रता. त्यात एखादा कागद अडकला तर परीक्षा होऊनही निकाल राखीव. परदेशी जाणाऱ्या मुलाला व्हिसासाठी कागद लागतात हे समजू शकतं. पण ही मुलगी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आलेली असते. एसटीनं. दोन्हीकडे कुलपती एकच, राज्यपाल. दोन्हीकडे कायदा एकच, २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. शाळेच्या पोराला जिल्हा बदलताना जेवढा त्रास होत नाही, तेवढा हिला होतो.

आता मुलांची स्पर्धा कशी असते ते सांगते, कारण तुमच्या आणि त्यांच्या स्पर्धेत मला मोठा फरक दिसतो.

मी पुण्यात शिकत असताना दोन वर्षं पुरुषोत्तम करंडकाच्या संघात बॅकस्टेजला होते. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३पासून ही एकांकिका स्पर्धा भरवतं. भरत नाट्य मंदिरात अंतिम फेरीच्या दिवशी जो गेला नाही, त्याला 'अरे आव्वाऽऽज कुणाचा' म्हणजे काय ते लिहून कळायचं नाही. पडदा उघडायच्या आधी दोन मिनिटं थिएटर हादरत असतं. एक कॉलेज संपवतं, दुसरं सुरू करतं, घशाची माती होते. आणि घंटा झाली की चिडीचूप. ज्यांच्या नावानं आत्ता बोंबललो, त्यांची एकांकिका आम्ही श्वास रोखून बघायचो. बघावीच लागायची. न बघता स्पर्धा करता येत नव्हती. त्यांनी ब्लॅकआउट कुठे घेतला, त्या मुलीनं ते वाक्य पाठमोरं का टाकलं, यावर रात्री टिळक रोडला अमृततुल्याच्या बाकावर बसून भांडायचो, आणि पुढच्या वर्षी ते निर्लज्जपणे उचलायचो. त्यांनीही आमचं उचललं.

२०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. पहिल्या आलेल्या संघालाही नाही. मी तेव्हा विद्यार्थी नव्हते, पण मोबाइलवर सगळं वाचत होते. मुलं चिडली, काहींनी परीक्षकांची बाजू घेतली, आजी-माजी सगळे भांडले. मला परीक्षकांचं पटलं नव्हतं, अजूनही नाही. विशी-एकविशीतल्या पोरांचा वर्षभराचा घाम असा रिकाम्या हातानं परत पाठवू नये. पण भांडण कशावर होतं बघा: चांगली एकांकिका कशाला म्हणायचं, यावर. रँक घसरल्यावर आपल्याकडे चांगलं विद्यापीठ कशाला म्हणायचं यावर असं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. समिती मात्र लगेच होते. रँक वर गेली तर फ्लेक्स लागतो.

दुसरा प्रसंग 'इंद्रधनुष्य'मधला. कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकारानं हा आंतरविद्यापीठ महोत्सव होतो, कृषी विद्यापीठांपासून आरोग्य विज्ञान विद्यापीठापर्यंत सगळे येतात, उद्घाटनाला तुमच्यापैकी बरेच जण येता. काही वर्षांपूर्वी मी आमच्या विद्यापीठाच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून गेले होते. लोकनृत्याचा दिवस. आमचा नंबर यायला दोन संघ बाकी होते आणि ढोलकीची पुडी फाटली. मुलगा ताप आल्यासारखा बसून राहिला. दुसरी ढोलकी मुक्कामाच्या हॉस्टेलवर, गाडी जेवण आणायला गेलेली.

आमच्या आधी ज्या विद्यापीठाचा संघ होता, त्यांच्याशी आमच्या पोरांचं सकाळपासून वाजलेलं होतं. नाश्त्याच्या रांगेत घोषणा, प्रतिघोषणा, एकमेकांच्या गावावरून टोमणे, सगळं झालेलं. त्यांचा ढोलकीवाला रंगमंचावरून उतरला, घाम पुसला, काय झालं ते बघितलं आणि आपली ढोलकी आमच्या पोराच्या मांडीवर ठेवली. पट्टी वेगळी होती. ती जुळवून देईपर्यंत तो तिथेच उकिडवा बसला. मग विंगेत उभा राहून दहा मिनिटं मांडीवर हातानं ठेका धरला, आमच्या पोराची लय ढळू नये म्हणून. त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला दोनदा हाक मारली, तो हलला नाही.

निकालात ते आमच्या वर गेले. आमची पोरं रात्रीपर्यंत धुसफुसत होती. परतीच्या गाडीत मागून ढोलकीचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर आमचा पोरगा व्हिडिओ कॉलवर त्याच मुलाकडून एक तोडा शिकत होता. त्यांचं अजून चालू आहे. आता त्या मुलाला आमच्याकडे येऊन एक सेमिस्टर लोककलेचा अभ्यासक्रम करावासा वाटला, तर कागदोपत्री त्याला काय काय करावं लागेल, याचा हिशेब मी खिडकीत बसून एकदा खरंच मांडला होता. कागद अर्ध्यातच भरला, मी फाडून टाकला.

पुण्याला पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हणायची पद्धत आहे, म्हणून ऑक्सफर्डचंही एक सांगते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची बोटींची शर्यत १८२९ साली सुरू झाली ती दोन विद्यार्थ्यांमुळे. चार्ल्स वर्ड्‌सवर्थ ऑक्सफर्डला, चार्ल्स मेरिव्हेल केंब्रिजला. दोघं हॅरोच्या शाळेतले दोस्त. कुठल्या कुलगुरूंनी परिपत्रक काढलं नव्हतं. थेम्स नदीत पावणेसात किलोमीटर वल्ही मारायची, आणि जिंकणाऱ्याचं नाव लागायचं, बस्स. १९१२ साली एवढा वारा होता की दोन्ही बोटींत पाणी भरलं आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. हे चित्र मला आपल्याकडच्या यादीच्या दिवशी हटकून आठवतं. फक्त तिथे वल्ही मारणारेच बुडत होते.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. वडील एसटीत कंडक्टर, त्यांची बदली झाली आणि घर इकडे आलं. तिनं बीएचं पहिलं वर्ष दुसऱ्या विद्यापीठात केलं, चांगल्या गुणांनी. दोन्हीकडे नवं शैक्षणिक धोरण. दोन्हीकडे सेमिस्टरला २२ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक. दोन्हीकडे तीच मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओई, व्हीएससी, एईसी, आयकेएस अशी बाराखडी, जी आम्हा मास्तरांनाही अजून धड पाठ नाही. धोरण आलं तेव्हा आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की २०२१पासून क्रेडिटची बँक झाली आहे, मुलानं कुठेही क्रेडिट कमवावं, बँकेत ठेवावं, कुठेही वापरावं. मीच वर्गात हे उत्साहानं सांगितलं होतं, फळ्यावर चित्र काढून. या मुलीचा त्या बँकेतला आयडी आहे, त्यात क्रेडिटही दिसतात. आमच्या खिडकीत मात्र तिला समकक्षतेचा दाखला मागितला गेला. कारण तिकडच्या मायनरचं नाव आणि इकडच्या मायनरचं नाव जुळत नाही. अभ्यासक्रम मी दोन्हीकडचे शेजारी ठेवून वाचले. पाच घटकांतले चार तेच आहेत, एका घटकाचा क्रम बदललाय. पण नाव वेगळं. बँक आहे, खात्यात पैसे आहेत, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ही नोट आमच्या छापखान्यातली नाही.

तिच्यासारख्या दर वर्षी आमच्याकडे आठ-दहा येतात. लग्न होऊन आलेल्या, बापाच्या बदलीनं आलेल्या, ऊसतोडीहून परतलेल्या घरातल्या, शहरातली खोली परवडली नाही म्हणून माघारी आलेली मुलं. विद्यापीठ बदलणारा विद्यार्थी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हुशार, चांगल्या रँककडे निघालेला मुलगा येत असेल. खिडकीत येणारे बहुतेक जण कुठे निघालेले नसतात, त्यांना परिस्थितीनं ढकललेलं असतं. तुमची स्पर्धा त्यांच्या गावीही नाही, बांध मात्र त्यांच्याच पायाला लागतो.

निकालांचंही तेच. एका विद्यापीठाचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आत शेजारच्या विद्यापीठाचे एमएचे प्रवेश संपतात. मग पोरं हमीपत्र लिहून देतात, निकाल आल्यावर सादर करेन म्हणून, आणि निकाल येईपर्यंत पोटात गोळा घेऊन बसतात. तुम्ही अकरा जण एका दुपारी एका टेबलाशी बसून परीक्षांचं आणि प्रवेशाचं वेळापत्रक एकमेकांना दाखवू शकत नाही का? पेपर सारखे करा असं मी म्हणत नाही. अभ्यासक्रम वेगळे असावेत, असायलाच हवेत; खानदेशातल्या मुलानं बहिणाबाई जास्त वाचावी आणि कोल्हापूरच्या मुलानं शाहिरी. स्पर्धा करू नका असंही म्हणत नाही. करा की. सोलापूरनं पुण्यापेक्षा चांगला विभाग काढून दाखवावा, गडचिरोलीनं जंगलावर असा अभ्यास उभा करावा की मुंबईच्या मुलांनी तिकडे अर्ज करावेत. पण त्या मुलांना तिकडे जाता तर आलं पाहिजे.

एक मागणी, साधी. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांमध्ये आपापसात मायग्रेशन मागणं बंद करा. विद्यार्थ्याचा पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, आहे, क्रेडिटचं खातं आहे, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आहे. कागदाला कागद जोडून नव्यानं काय सिद्ध व्हायचं राहिलंय? समकक्षता ठरवायची तर ती विभागातल्या दोन शिक्षकांनी अभ्यासक्रम वाचून ठरवावी, मला एका संध्याकाळी जमलं ते त्यांनाही जमेल. याला नवा कायदा लागत नाही. कुलपतींकडे तुमची संयुक्त बैठक होते, तिथे हा विषय एका ओळीत बसेल.

आणि कुणीतरी पहिलं करा. अकरा जणांनी एकदम करायची वाट बघू नका. भाऊबंदकीत बांध कधी एकदम सगळे मोडत नाहीत, एक जण आपल्या बाजूनं जायला वाट ठेवतो आणि मग बैलगाडी जाऊ लागते. ज्या विद्यापीठानं पहिल्यांदा शेजाऱ्याच्या मुलीचं मायनर वाचून मान्य केलं, त्याची रँक मी माझ्या वर्गातल्या फळ्यावर लिहीन. तेवढीच माझी सत्ता.

त्या मुलीचा पात्रता अर्ज अजून 'प्रक्रियेत' आहे. ती रोज तासाला येते, पहिल्या बाकावर बसते. हजेरीपटात छापील नावांच्या खाली मी तिचं नाव पेन्सिलनं लिहिलंय.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक

ता. क. : पुढच्या 'इंद्रधनुष्य'ला आलात तर उद्घाटन झाल्यावर लगेच निघू नका. लोकनृत्याची वेळ मंडपात विचारून घ्या आणि समोरच्या सोफ्यावर न बसता डावीकडच्या विंगेत या. तिथे एक खुर्ची रिकामी असते.